चौदा नंबरची गाठ

त्या दिवशीची गोष्ट मी आजवर निदान वीस वेळा सांगितली असेल. खरी — एकदाही नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्योतीला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून तिसऱ्यांदा बसते आहे, आणि दर वेळी मधेच उठून काहीतरी आवरून येते. आता आवरायला काही उरलेलं नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजवर आठवड्याची यादी, पर्समध्ये दिवसाची. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा औषधांच्या वेळा नर्स माझ्या कागदावर बघायच्या. चाळिशी ओलांडल्यावर मी ढोल-ताशा पथकात गेले ते ज्योतीमुळे. ती माझी ऑफिसातली मैत्रीण. तिनं हाताला धरून नेलं. सराव महाल भागात, एका शाळेमागच्या पटांगणात व्हायचा. पंधरा दिवसांत तिथला सगळा पसारा माझ्या फाइलमध्ये आला. हजेरी, फेटे, पाणी, टेम्पो, कोणता ढोल कोणाचा. गिरीश — आमचा पथकप्रमुख, पुढे उभा राहून ताशा वाजवणारा — म्हणायचा, "ताईच्या यादीत नसन तर ते झालंच नाही समजा." लोक हसायचे. मलाही आवडायचं ते. किती आवडायचं, हे आता कळतं.

नामदेवभाऊंबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पंचावन्नच्या पुढचा, हडकुळा माणूस. बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात गठ्ठे दोरीनं बांधायच्या कामाला होते, पाळी संपली की बसनं थेट सरावाला यायचे. ते वाजवायचे नाहीत. कधी ढोलाचं टिपरू हातात धरलेलं मी पाहिलं नाही. ते ढोल बांधायचे.

हे जरा समजावून सांगते. ढोल कमरेला दोरीनं बांधतात, आणि शेवटची गाठ पाठीमागे येते. ती स्वतःची स्वतःला नीट मारता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी मारायची असते. तुम्ही हात वर करून उभं राहायचं, आणि मागचा माणूस काय करतो आहे ते तुम्हाला दिसत नाही. आमच्या बायकांच्या रांगेची गाठ नामदेवभाऊ मारायचे. दोरीच्या कामात आयुष्य गेलेला माणूस. त्यांची गाठ साधी दिसायची, पण ढोलाचं वजन पडलं की ती सुटायची नाही, उलट आणखी आवळायची. "नाचा, उड्या मारा, काई करा. हे गाठ सोडल्याबिगर सुटत नाही," असं ते प्रत्येक नव्या बाईला सांगत.

आणि माझा नियम होता — माझाच — की गाठ मारली की तक्त्यावर एक खूण, आणि ओढून पाहिली की दुसरी. ढोलाचा नंबर, पुढे दोन रकाने: 'बांधलं', 'ओढून पाहिलं'. खुणा पेन्सिलनं. नामदेवभाऊ या सगळ्याला हसत नसत. खिशातून चष्मा काढून, प्रत्येक नंबरासमोर दोन खुणा नीट करत. माझा नंबर चौदा.

मी फिरते आहे नुसती, मला कळतंय. येते तिथे.

स्पर्धा ऑगस्टमधली, रविवारची, दुपारची. तीन महिने सराव झाला होता. चाळीस माणसं. मी उजव्या रांगेत पहिली, म्हणजे मागच्या पाच जणी ताशाकडे नाही, माझ्या हाताकडे बघून वाजवणार. ही जागा मी मागून घेतली होती. गिरीश म्हणाला होता, जमेल का? मी म्हटलं, तीन महिन्यांत माझा एकही खाडा नाही. जणू हजेरी आणि हात एकच असतात.

भीती वाटणार हे मी धरून चालले होते. तिचीही यादी केली होती मी, खोटं कशाला सांगू? एक केळं, दोन घोट पाणी, तळहाताला पावडर, दहा लांब श्वास. सगळं वेळेवर केलं. तरी आमचं नाव पुकारायच्या आधी भीती आलीच. ज्योतीनं मागून पाहिलं. "काहून वं, थरथरून राहिली? लग्न हाय का आज तुह्यं?" सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी तळहाताला पुन्हा पावडर लावली. तेवढ्यात नामदेवभाऊ मागे आले, गाठ मारली, आणि ओढून पाहिली. दोनदा. पहिला हिसका, मग जरा थांबून दुसरा, जरा जोरात. मी अर्धं पाऊल मागे गेले होते, इतका जोरात. मग तक्त्यावर दोन खुणा करून, फाइल टेम्पोतल्या माझ्या पिशवीत ठेवायला घेतली. म्हणाले, "पक्कं हाय ताई. बिनधास्त जा."

त्या दिवशी त्यांनाही फेटा होता. न वाजवणाऱ्याला फेटा पहिल्यांदाच. रामटेककडच्या गावाहून त्यांची बायको आली होती बघायला. तीही पहिल्यांदाच. नव्या साडीत, पुढच्या ओळीत, फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून.

आमच्या चौथ्या हातात — हात म्हणजे तालाचा एक प्रकार — एक जागा आहे. सगळं एकदम थांबतं. ढोल, ताशे, झांजा. तीन मोजायचे, आणि मग चाळीस जणांचा एक ठोका. ती तीन मोजण्याची शांतता हीच आमची शान. गिरीश म्हणायचा, लोक वाजवण्याला नाही, त्या थांबण्याला टाळ्या देतात.

मी दोनवर वाजवलं.

एकच ठोका. आख्ख्या मैदानात एकट्या माझ्या ढोलाचा. तुम्ही कधी स्वतःचा एकट्याचा आवाज असा ऐकला आहे? ज्योतीनं मागून लगेच तिचंही टिपरू ढोलावर मारलं, कारण माझ्याकडे बघून वाजवायचं असं तिला सांगितलं होतं. तिच्यामागे बाकीच्या चौघींनी. चाळिसांचा एक ठोका होणार होता, त्याचे दोन तुकडे झाले. आणि मग माझा हात थांबला. पुढे काय येतं ते मला आठवेना. ढोल कमरेला बांधलेला, दोन्ही हात त्याच्यावर टेकून, हसरा चेहरा करून, उरलेला सगळा वेळ मी नुसती उभी होते.

इथवरची चूक कोणाचीही होऊ शकते. घाबरलेला माणूस चुकतो. इथेच थांबलं असतं तर सांगण्यासारखं काय होतं?

मैदानाबाहेर आल्यावर मी सरळ टेम्पोच्या मागे गेले. तिथे कोणी नव्हतं. मी दोन्ही हात मागे नेले आणि गाठ शोधली. मागची गाठ स्वतःला सोडता येत नाही म्हणतात. येते. वेळ लागतो. नखं दुखतात. ढोल मांडीवर उतरला तेव्हा मी त्याला मिठी मारून उभी राहिले, आणि तशीच टेम्पोमागून बाहेर आले. गिरीश लाल होऊन माझ्याकडेच येत होता. तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, "गाठ सुटली. ढोल घसरला, सावरताना टिपरू ढोलावर पडलं."

तो थबकला. त्याच्या चेहऱ्यावर — सांगायला लाज वाटते — सुटका दिसली. मग त्यानं ते विचारलं जे विचारायची सवय मीच त्याला लावली होती. "ओढून पाहिली होती का? यादी आणा ताईची."

फाइल माझ्या पिशवीत होती, पिशवी टेम्पोच्या पुढच्या सीटवर. आणते म्हटलं. गेले. तक्ता काढला. चौदा नंबरासमोर दोन खुणा होत्या, बाकीच्यांसारख्याच, नीट. माझ्या पाऊचमध्ये खोडरबर असतं, नेहमीच असतं. दुसरी खूण मी खोडली. एकदा घासून पुसट राहिली, म्हणून पुन्हा घासली. रबराचा कीस कागदावर पडला होता, तो फुंकून टाकला.

गाठ सोडली तेव्हा मी घाबरलेली होते असं मी स्वतःला कितीदा सांगितलं आहे. पण घाबरलेला माणूस कीस फुंकत नाही.

तक्ता गिरीशच्या हातात दिला. सगळे जमले होते. नामदेवभाऊंना बोलावलं. ते आले ते बायकोला घेऊनच, ओळख करून द्यायला आणत होते बहुतेक. गिरीशनं रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "भाऊ, एक काम देल्लं होतं तुम्हाले." मागून कोणीतरी म्हणालं, "फेटा घालून मिरवाले मात्र बराबर आले."

नामदेवभाऊंनी कागदाकडे पाहिलंच नाही. ते खाली वाकले आणि माझ्या ढोलाची दोरी हातात घेतली. तिचं टोक बोटांत फिरवलं. ताणानं सुटलेली दोरी आणि बोटांनी सोडलेली दोरी — ज्याचा जन्म दोरीत गेला त्याला यातला फरक कळत नसेल? दोरी हातात धरूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तीन मोजण्याइतका. त्या वेळात मी बोलू शकत होते.

मग ते म्हणाले, "असन. राहून गेलं असन माह्याकडून."

त्यांच्या बायकोनं फोन पिशवीत ठेवला. एवढंच मला दिसलं. मी ढोल टेम्पोत चढवायला वळले, कारण ढोल चढवण्याची यादीही माझ्याकडेच होती.

आमचा नंबर आला नाही. चार दिवसांनी मी पुढच्या महिन्याचा कामाचा तक्ता टाइप केला. 'ढोल बांधणे' यापुढे दुसऱ्या दोघांची नावं घातली. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. बैठक झाली नव्हती, गिरीशही काही म्हणाला नव्हता. मी आपणच केलं, नीटनेटकं, आणि ग्रुपवर टाकलं. का केलं? ते रोज मागे उभे राहून माझी गाठ मारणार, हे मला सोसलं नसतं. दुसरं काही कारण नाही.

त्या संध्याकाळी नामदेवभाऊ आले. आठ-दहा जास्तीच्या दोऱ्या ते घरी नेऊन मेण लावून ठेवायचे, त्या परत द्यायला. प्रत्येकीचं वेगळं वेटोळं, प्रत्येकीला ढोलाच्या नंबराची चिठ्ठी. चौदाचीही होती. माझ्या हातात देऊन म्हणाले, "मोजून घ्या ताई." मी मोजल्या. त्यांच्यासमोर, एक-एक करून. बरोबर होत्या. ते पुन्हा आले नाहीत.

मी मात्र पथकात राहिले. सहा वर्षं झाली. आता बरं वाजवते, त्या तीन मात्रांत हात हलत नाही. नव्या बायका येतात, घाबरतात, तेव्हा त्यांना धीर द्यायचं काम माझ्याकडे असतं. आणि मी त्यांना कोणती गोष्ट सांगते? हीच. भर स्पर्धेत माझी गाठ कशी सुटली, ढोल कसा मांडीवर आला, तरी मी कशी उभी राहिले. ढोल घसरल्याची नक्कल करते. त्या हसतात, त्यांची भीती जाते. शेवटी मी सांगते, म्हणून गाठ ओढून पाहायची. हे आजवर वीस वेळा.

गेल्या उन्हाळ्यात बर्डीच्या बसस्टॉपवर नामदेवभाऊ दिसले. मीच आधी पाहिलं, आणि सांगते — मी मान वळवली. पण त्यांनी ओळखलं. जवळ आले. निवृत्त झाले होते, अंगानं आणखी उतरले होते. मी विचारलं घरी सगळे कसे आहेत. बरे हायेत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ढोल सुरू हाय ना?"

मी हो म्हटलं.

"गाठ कोण मारते आता तुमची?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ओढून पाहत जा म्हणा त्याले," म्हणाले, आणि त्यांची बस आली. चढताना त्यांनी मागे पाहिलं नाही. त्यांच्या आवाजात टोमणा होता की काळजी, ते मी तेव्हापासून ठरवते आहे. ठरत नाही. आणि समजा ठरलं, तर त्यानं माझं काय बदलणार?

तो तक्ता माझ्याकडे आहे. मी कागद फेकत नाही. फाइलमध्ये, त्या वर्षाच्या भागात. चौदा नंबराच्या ओळीत दुसरा चौकोन रिकामा दिसतो, पण कागद उजेडाकडे जरा तिरका धरला की तिथे घासलेली जागा चमकते, आणि पेन्सिलचा दाब दिसतो. ते दाबून लिहायचे.

आज सकाळी तो काढून समोर ठेवला आहे. पेन्सिलही ठेवली आहे. पण त्या चौकोनात खूण करायचा हक्क ज्याचा होता त्यानं ती केली होती, तिथे माझा हात लागायला नको. म्हणून खाली लिहिते.

ढोल नंबर चौदा. बांधलं — हो. ओढून पाहिलं — हो, दोनदा. सोडलं — मी.