कुसळी गवत आणि ताईचं स्थळ

आमच्या घरामागचा चढ चढून गेलं की सडा लागतो. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर वीतभर माती आणि त्या मातीत कुणी न लावता उगवलेलं कुसळी गवत. दिवाळीनंतर ते तांबूस होतं आणि त्याला लांब, टोकदार कुसळं येतात. त्या दिवसांत सड्यावरून आलेला माणूस आधी पायरीवर बसून आपले कपडे निवडतो, तांदूळ निवडावेत तसे.

हे गवत कापायचं काम ताईकडे होतं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मला कॉलेजमुळे माफी होती. पातीनं चिरलेली बोटं हळदीत बुडवत ती म्हणायची, नवरा कसाही चालेल, पण मुंबईचा हवा. तिथे गवत नसतं.

नव्याण्णव साली तसं स्थळ आलं. मुलगा मुंबईत नोकरीला, घर आरोंद्याकडे खाडीकाठी. एसटीतून उतरून पाहुण्यांनी जवळची म्हणून सड्यावरची वाट धरली. मुलगा, त्याची आई आणि मामा घरापुढच्या खळ्यात आले ते कमरेपर्यंत कुसळांनी भरून. खुर्च्या मांडल्या होत्या, पण बसायची सोय नव्हती.

"आमी चेडू बघूक इलंव की कुसळां येचूक?" मुलाची आई म्हणाली.

बाबांनी वरमायला हवं होतं. त्यांना उलट चेव आला. पाहुण्याच्या पँटीतलं एक कुसळ उपटून त्यांनी तळहातावर ठेवलं आणि तांब्यातलं थेंबभर पाणी सोडलं. कुसळ आपोआप गरगरायला लागलं. असंच ते ओल मिळाली की स्वतःला पिळत मातीत शिरतं, बाबा सांगू लागले. उन्हाळ्यात सडा जळला तरी आतलं बी जगतं. याची मुळं धरून ठेवतात म्हणून पावसात माती वाहून जात नाही, लावे याच्यातच अंडी घालतात. म्हणून कुसळं झडेपर्यंत आम्ही विळा लावत नाही. इथवर ठीक होतं. पण बाबा थांबतील तर शपथ.

"आमच्या चेडवासारख्या गवत गावात कोण कापणत नाय!"

मुलगा खूश झाला. "मगे झालाच! मी मुंबय सोडतंय. म्हशी घेवन गावात रवतलंय. माका अशीच बायको होयी."

ताई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मला बाबांचा भयंकर राग आला. बिचाऱ्यांना वाटत होतं, आपण लेकीचं कौतुक करतोय.

पाहुणे गेल्यावर त्यांनी हसतच विचारलं, "होय म्हणान कळवया मां?"

"माका थंय जावचा नाय," ताई म्हणाली. "माका गवत नको, बाबा." आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी बाबांनी नकार कळवला.

आठवड्याभरानं कुसळं झडली. सकाळी ताई नेहमीसारखी डोक्याला फडकं बांधून खळ्यात आली. बाबांनी तिचा हात धरून उलटा केला आणि बोटांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग तिच्या हातातला विळा काढून घेतला.

"तू घरी रव," ते म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. ते पुसून बघते तर बाबांनी विळा माझ्यापुढे धरला होता.