देवाशी भांडायचं पुस्तक

माझा मामा शवपेट्या करायचा आणि देवाला शिव्या द्यायचा, दोन्ही एकाच दमात. पेटीचं झाकण रंधा मारून काचेसारखं गुळगुळीत करेल, पण त्यावर क्रूस ठोकायचा म्हटलं की हातोडी खाली. "तो तुमचा तुम्ही ठोका. माझं त्याच्याशी पटत नाही." रडून थकलेल्या माणसांच्या हातात खिळे ठेवून हा मोकळा! याला तो तत्त्व म्हणायचा. मला तो शुद्ध आडमुठेपणा वाटायचा, आजही वाटतो.

मामी आजारपणात भरल्या संसारातून देवाघरी गेली, तेव्हापासून हे वैर. वैराला पुरावे हवेत म्हणून त्याने धर्माचं, प्रार्थनांचं पुस्तक विकत आणलं, तेही रोजच्या भाषेतलं. पानापानावर सुतारी पेन्सिलीचे शेरे: 'साफ खोटं', 'तेव्हा कुठे होतास?', 'इथे पळ काढला'. कामगार डबा उघडून बसले की हा एक पान वाचून देवाची धिंड काढायचा. बिचारे मुकाट घास गिळायचे.

आमच्या चर्चची तऱ्हा आणखी न्यारी. तिथली प्रार्थना जुन्या भाषेत. ती पाळकसाहेबांना निम्मी कळायची, बाकीच्यांना अजिबात नाही. रोजच्या भाषेत प्रार्थना करावी का, यावर कमिटीचा अकरा वर्षं काथ्याकूट चालला होता. सोप्या भाषेने म्हणे देवाचा मान जातो. असं म्हणणाऱ्या खजिनदाराला जुन्या भाषेतलं एक वाक्य धड येत नव्हतं, पण देवाचा मान राखायचा मक्ता त्याच्याकडे! ठराव होईपर्यंत सोप्या भाषेतलं पुस्तक कुणी घरातही ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. मंडळी निमूटपणे आपापल्या प्रती जमा करून आली. म्हणजे ते पुस्तक उरलं फक्त मामाकडे.

मग माझी आई अंथरुणाला खिळली. मामाची धाकटी बहीण ती. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तिला ते ठाऊक होतं. तिची एकच इच्छा होती: मरण्याआधी एकदा आपल्याला कळेल अशी प्रार्थना ऐकायची.

पाळकसाहेब आले, पलंगापाशी उभं राहून दहा मिनिटं जुन्या भाषेत प्रार्थना म्हणाले.

"छान म्हटलंत," आई म्हणाली. "आता आपल्या भाषेत म्हणा ना."

"ठराव झालेला नाही, बाई. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

मरायला टेकलेल्या बाईला बैठकीची तारीख सांगून साहेब चहा पिऊन गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक मामाचा कारखाना गाठला.

मामा अंगावरच्या भुशासकट आला, पुस्तक काखेत मारून.

"वाचतो. पण माझा विश्वास नाही, आधीच सांगतो."

"दादा, तू वाच रे बाबा."

त्याने प्रार्थना वाचली. खणखणीत, सावकाश, आणि एकही शेरा न वाचता. आई ऐकता ऐकता हसली. "अगं बाई, असं आहे होय ते!" जन्मभर जे कानांवरून गेलं, ते पहिल्यांदा तिला कळत होतं. त्या घटकेला मला मामा आवडला. तेवढीच घटका.

"दादा, आता आमेन म्हण."

"वाचलं ना? तेवढं पुरे."

"एकदाच म्हण. तू म्हटलंस की माझी प्रार्थना पुरी होईल."

"तुला असं झोपवलं कुणी? त्याला मी होकार देऊ?" झालं, गाडी सुरू. मामीचं आजारपण, बहिणीचं दुखणं, खजिनदाराची अक्कल, सगळं देवाच्या नावावर. हा बोट नाचवत पानं उलटतोय आणि आई त्याच्या तोंडाकडे बघतेय, त्या एका शब्दासाठी.

"मामा, पुरे कर," मी म्हटलं. ऐकतो कोण!

शेवटचा मुद्दा ठासून मांडून त्याने मान वर केली. "आहे का याला उत्तर?"

आई तशीच बघत होती. मी पुढे होऊन तिचे डोळे मिटले.

मग त्याने म्हटलं. आधी पुटपुटला, मग मोठ्याने, मग तिचा हात हलवून पुन्हा पुन्हा. मी त्याला थांबवलं नाही. जिला हवं होतं ती गेली होती. आता त्याने दिवसभर म्हटलं असतं तरी माझी हरकत नव्हती.