नाताळच्या गाण्यांची पट्टी

मुलगी शिकायला कॅनडाला गेली आणि तिची गिटार माझ्याकडे राहिली. दोन वर्षं ती कपाटावर पडून होती. नोकरी लवकर सोडून मी घरी बसले, तेव्हा एक दिवस ती खाली काढली आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकायला लागले. वय चोपन्न. वर्षभरात मला पाच कॉर्ड आल्या, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांच्या पाच जुड्या. सहावी, एफ नावाची, काही येईना. तिच्यात पहिल्या बोटानं सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. मी दाबल्या की नुसता टुक असा आवाज यायचा, पाट्यावर चमचा पडल्यासारखा.

बडोद्यात छाणी रोडला आमचा फ्लॅट आहे. खालच्या मजल्यावर एक गुजराती ख्रिस्ती काका राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या चर्चची मंडळी नाताळच्या आधी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि हे काका त्या मंडळाचे प्रमुख. नोव्हेंबरात ते वर आले. त्यांचा कीबोर्ड वाजवणारा नोकरीसाठी दुबईला गेला होता. ते म्हणाले, "बेन, वर्षभर खालून ऐकतो आहे. आमच्याबरोबर वाजवाल का?"

खरं म्हणजे वर्षभर ऐकलेल्या माणसानं असं विचारायलाच नको होतं. पण मला इतका आनंद झाला की पाच कॉर्डची गोष्ट सांगायची राहून गेली. मी हो म्हटलं आणि त्यांनी सहा गाण्यांच्या झेरॉक्स हातात ठेवल्या. शब्द गुजराती, चाली जुन्या विलायती, वर कॉर्डची अक्षरं. सहाही गाणी एफच्या पट्टीत होती.

व्हिडिओवाल्या मुलानं सांगितलं होतं की गाणं एका पट्टीतून दुसरीत नेता येतं, फक्त प्रत्येक कॉर्ड सारख्याच अंतरानं हलवायची. मी चौकटीची वही घेऊन बसले आणि दोन दिवसांत सहाही गाणी एफमधून काढून जीमध्ये नेली. जी मला येत होती. वही इतकी सुबक झाली की मी तिला कव्हर घातलं. पट्टी हलवली की गाणाऱ्यांचे गळेही हलवावे लागतात, हे मात्र डोक्यात आलं नाही.

पहिली तालीम काकांच्या हॉलमध्ये झाली. अकरा जण, बहुतेक साठीपुढचे. मुख्य गायिका एक निवृत्त नर्सबाई होत्या, जवळच्या बाजवा गावाहून यायच्या. देवदूत आकाशातून येतात त्या ओळीला चाल वर चढते. तिथे नर्सबाई डोळे मिटून चढल्या, बाकीच्या बायका अर्ध्यावर थांबल्या, आणि मागच्या एका गृहस्थांचा आवाज वर गेला तो परत आलाच नाही. त्यांना पाणी द्यावं लागलं. काका सभ्य माणूस. ते एवढंच म्हणाले की छान झालं, पण आपण स्वर्गाच्या जरा जास्तच जवळ गेलो.

मी वही पुन्हा काढली आणि सगळं खाली आणलं, डीमध्ये. पुढच्या तालमीला पुरुष खूश होते. बायकांचा आवाज मात्र इतका खोल गेला की काकांच्या पत्नीनं स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, आज बायका आल्या नाहीत का?

घरी आल्यावर आईनं गाठलं. आई माझ्याकडेच राहते, एक्याऐंशीची. आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या भजनी मंडळात ती चाळीस वर्षं पेटी वाजवते आहे. दोन्ही तालमी तिनं वर बसून, जमिनीतून ऐकल्या होत्या.

"पट्टी चुकतेय तुझी," ती म्हणाली. "आधी गाणाऱ्याचा गळा बघायचा, मग वाद्य. तू आपलं बोट बघतेयस."

ते अगदी खरं होतं.

तिसऱ्या तालमीला ती स्वतः आली. काकांनी पेटी उचलून खाली नेली. आईनं अस्खलित गुजरातीत सगळ्यांची विचारपूस केली, मग नर्सबाईंना समोर बसवून नुसत्या गळ्यानं गायला सांगितलं आणि पेटीवर बोटं फिरवत राहिली. शेवटी एका स्वरावर थांबून म्हणाली, "पांढरी चार. इथेच गायचं."

पांढरी चार म्हणजे एफ. तीन आठवडे, एक वही आणि एका गृहस्थांचा घसा खर्ची घालून आम्ही झेरॉक्समध्ये होतं तिथेच येऊन पोचलो होतो.

मला एफ येत नाही, हे मग सर्वांसमोर सांगावं लागलं. आई म्हणाली, "मग तुझ्या वाद्याला स्केल चेंजर नाही का? माझ्या पेटीला आहे. बोटं तीच ठेवायची, पट्टी आपोआप बदलते."

दुसऱ्या दिवशी मी मांडवीकडच्या एका वाद्यांच्या दुकानात जाऊन गिटारचा स्केल चेंजर मागितला. दुकानदारानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काउंटरमधून एक चिमटा काढला. त्याला कॅपो म्हणतात. तो गिटारच्या दांडीवर तिसऱ्या घरात लावला की वाजवायची डी आणि ऐकू येते एफ. असली वस्तू जगात आहे हे व्हिडिओवाल्या मुलानं बहुतेक पुढच्या धड्यात सांगितलं असणार.

नाताळच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी आम्ही निघालो. आई झांजा घेऊन बरोबर होती. ते मोठ्या चढाचं गाणं तीनाच्या लयीत आहे, आणि आईच्या मते तो सरळ दादरा ताल होता, त्यामुळे आता सगळे दादऱ्यातच गात होते. पहिली दोन घरं छान झाली. तिसऱ्या घरी, दुसऱ्या कडव्यात, माझा हात लागून कॅपो निसटला आणि यजमानांच्या चिवड्याच्या ताटात पडला. गिटार एका फटक्यात पांढरी चारवरून पांढरी दोनवर आली. नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या पूर्वी औषध न घेणाऱ्या पेशंटकडे पाहत असतील. पण त्या पट्टीवरून हलल्या नाहीत, आईच्या झांजाही चुकल्या नाहीत. मला काय करावं सुचेना. तारा हातानं दाबून गप्प केल्या आणि गिटारच्या पोटावर बोटांनी दादरा वाजवू लागले, धा धी ना, धा तू ना. मान खाली घालून मी उरलेली कडवी काढली.

गाणं संपलं आणि यजमानीणबाई म्हणाल्या की तो ढोलकीसारखा भाग फार गोड होता, पुन्हा म्हणा ना. पुन्हा म्हटलं. पुढच्या चारही घरी काकांनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "बेन, पेलुं ठोकवानुं." म्हणजे ते ठोकायचंच.

परत येताना काकांच्या गाडीत मी आईला विचारलं, कसं वाजवलं मी?

"छान वाजवलंस," आई म्हणाली. "तारांना हात लावला नाहीस तेव्हा तर फारच."

मला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आवरेना. काकाही हसले, पण रस्त्याकडे बघत, आवाज न करता.

नर्सबाई आता दर गुरुवारी बाजव्याहून आईच्या भजनी मंडळात येतात. अभंग गुजराती लिपीत लिहून घेतात. 'माझा'मधला झ त्यांना जमत नाही, तो 'झेंडा'मधल्यासारखा येतो. आई तो दर आठवड्याला दुरुस्त करते आणि त्या दर आठवड्याला तो तसाच, पण खणखणीत म्हणतात. इतर बायकांनी तर आता तो तसाच उचललाय.