खाटेवरून काढलेला फोटो

आमच्या सौमित्रकाकांना भनपुरीच्या बाजाराचा फोटो हवा होता. गर्दी गच्च, पण कॅमेऱ्याकडे कोणी पाहायचं नाही, असा. एका मासिकाला तो संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. पण काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला की दुकानदारांना वाटायचं, अतिक्रमण हटवणारे साहेब पुराव्याचे फोटो काढायला आले. "साहब आ गए! खींच अंदर!" अशी एक आरोळी उठली की छत्र्या, टोपल्या, बाकडी सगळी आत, अन् रस्ता साफ मोकळा.

"भैया, मैं तो फोटोवाला हूँ!"

"हव साहब, सब यही बोलते हैं।"

मे महिन्याच्या उन्हात फिरून फिरून शेवटी काका चक्कर येऊन पडले. मग मात्र अख्खा बाजार धावला. चहावाल्यानं आपली खाट रस्त्यात टाकून त्यांना निजवलं, कोणी नाकाशी कांदा धरला. काकांनी डोळे उघडले अन् उड्याच मारायच्या बाकी ठेवल्या. "अबे, गर्दी आली! कॅमेरा द्या मले!"

कॅमेरा वर होताच चहावाला किंचाळला, "अरे, खाट सड़क पे है! खींच!"

सगळ्यांनी मिळून खाट आत ओढली, काकांसकट. ओढता ओढता काकांनी बटण दाबलं. फोटोत गर्दी गच्च आहे, सगळे जिवाच्या आकांतानं खाटेकडे पाहून राहिले आहेत, अन् कॅमेऱ्याकडे एकही नाही.