आत्या माझ्या घरी जेवली

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातही चौथीचं अर्धं वर्ष शेळ्यांमागं गेलं. ही वही लेकीची आहे. तिची बारावी झाली, मागची पानं कोरी राहिली, ती मी घेतली. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण या माघात आत्या येऊन गेली, ते विसरायला नको.

मी काशीत दुर्गाघाटाजवळ एका गुरुजींच्या घरी स्वयंपाक करते. गुरुजींचं घर पिढ्यान् पिढ्या इथलं, पण बोली मराठी. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांची पूजा गुरुजी करतात, उतरायची सोय त्यांच्या घरच्या काकू बघतात आणि जेवण मी रांधते. माणशी शंभर रुपयांत पोटभर. आठ वर्षं झाली. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी, गावाकडच्या एका यात्रेकरू बाईंनी काकूंना माझं नाव सांगितलं आणि मी लेकीला घेऊन आले. तेव्हा लेक दहा वर्षांची होती. आता ती हिंदीतच भांडते आणि हिंदीतच हसते. मी मात्र अजून भाजीवाल्याशी बोटांनीच बोलते म्हटलं तरी चालेल.

या आठ वर्षांत मी शेकडो परक्या माणसांना वाढलं. माझं स्वतःचं माणूस मात्र एकही आलं नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आई लवकर गेली, त्यामुळं माझं न्हाणंधुणं, लग्न सगळं तिनंच केलं. नवरा साताऱ्याच्या दवाखान्यात होता तेव्हा ती एक दिवस आली आणि पदरातून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. तीस हजार होते. दूध घालून घालून तिनं ते साठवले होते, काशीला जायला. मला ते ठाऊक होतं. तरी मी घेतले. नवरा काही वाचला नाही. पैसे गेले आणि आत्याची काशीही राहिली.

तिनं कधी मागितले नाहीत. मी जमेल तसे पाठवत गेले, एकवीस हजार झाले. गेल्या दिवाळीनंतर फोन आला, "पोरी, तुझ्याच पैशातनं तिकिटं काढली बघ. मी, दादा आन् वहिनी. माघात येतोय." दादा म्हणजे आत्याचा मुलगा.

त्या दिवसापासून माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. एक, आत्याला माझ्या घरी बसवून माझ्या हातचं जेवू घालायचं. दुसरी, उरलेले नऊ हजार तिच्या हातात ठेवायचे. नऊ हजार मी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात खाली ठेवले होते, पाचशेच्या अठरा नोटा. काकूंकडून दोन रजया आणल्या. खोलीला चुना दिला. चार दिवस सुट्टी मागायला गेले तर तोंडातून शब्द फुटेना. काकूच म्हणाल्या, "अगं, जा. बदलीची बाई बघते मी."

गाडी धुक्यानं सात तास उशिरा आली. आमच्या गलीत रिक्षा येत नाही. सामान डोक्यावर घेऊन हमाल पुढं आणि आत्या मागं, पावलापावलाला थांबत. वर माझ्या खोलीपर्यंत यायला बावन्न पायऱ्या. आत्या वर पोचली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "स्वर्गातच राहतीस की गं. मेल्यावर वेगळं चढायला नको."

मी मटारची उसळ, पोळ्या, भात, आमटी आणि शिरा केला होता. ताटं मांडली. दादा आणि वहिनी बसले. आत्या बसली नाही. तिनं आपली पिशवी सोडली. त्यात ज्वारीचं पीठ, बेसन, चटणी, मीठसुद्धा.

"मी माझं माझं करून खाणार," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नगंस. तीर्थात परान्न घेत न्हाईत. ज्याचं अन्न खाल्लं त्याला यात्रेचं पुण्य जातं."

"आत्याबाई, भाची काय परकी हाय का?" वहिनी म्हणाली. ती सासूला आत्याबाईच म्हणते.

"लेकीबाळींच्या घरचं तर मुळीच न्हाई."

दादा घास घेत म्हणाला, "माझं पुण्य किती, चमचाभर. जाऊ दे ते शिऱ्याबरोबर."

आत्या हसली, पण तिनं ऐकलं नाही. माझ्या गॅसवर पातळ पिठलं केलं, दोन भाकरी थापल्या आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ल्या. मग आवरताना शेगडीखाली मला दहाची नोट सापडली. गॅसचे पैसे. मी ती नोट तशीच ठेवली आणि भांडी घेऊन मोरीत गेले. नळ मोठा सोडला, म्हणजे रडलेलं ऐकू जात नाही.

राग येत नव्हता मला. तिनं एकदा काशी माझ्यासाठी घालवली होती. आता आली आहे तर तिचं पुण्य तिच्याजवळ राहू दे, हे तिचं म्हणणं खोटं कुठं होतं? पण मग मी तिला घरी बोलावलं ते कशाला, हेही मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरलो. पाणी हाडात शिरेल असं होतं. आत्यानं तीन बुड्या मारल्या आणि चौथी दादाच्या नावानं मारली, कारण दादा गमछा गुंडाळून पायरीवरच बसला होता. पूजा गुरुजींकडं झाली. आत्या म्हणाली, "दुपारी हितंच जेवू. पैसे देऊन जेवलं की परान्न न्हाई."

इतक्यात काकू धावत आल्या. बदलीची बाई आली नव्हती आणि बावीस पानं वाढायची होती. मला काही म्हणायच्या आधीच मी पदर खोचला. भात लावला, आमटी टाकली, कोबी चिरला. पंगत बसली. आत्या चौथ्या पाटावर होती. मी वाढत वाढत तिच्यापर्यंत गेले. तिनं वर पाहिलंच नाही, आमटीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "अजून वाढा बाई. आमच्याकडची चव हाय."

"आत्याबाई, वर तर बघा," वहिनी म्हणाली.

आत्यानं वर पाहिलं. शेजारच्या पाटावरच्या बायकाही बघायला लागल्या. वहिनी थांबेना, "घरात फुकट देती तर नको आन् हितं शंभर मोजून तिच्याच हातचं. धन्य तुमची!"

आत्यानं मान खाली घातली. पण आमटी तीनदा घेतली.

घरी परत येताना गलीत एक बैल आडवा उभा होता. आम्ही चौघं एका दुकानाच्या फळीला चिकटून उभे राहिलो. मी सहसा बोलत नाही. चार माणसांत बोलायचं म्हणजे माझे कान तापतात. पण तिथं बैलामुळं कुणाला हलता येत नव्हतं आणि माझ्या डोक्यात आमटी वाढल्यापासून एकच गोष्ट फिरत होती. मी बोलले.

"आत्या, तुझे नऊ हजार अजून माझ्याकडं आहेत."

"असू देत की. मी मागितलेत का?"

"तसं नाही. तुझे पैसे माझ्या घरात आहेत. मग माझ्या घरातलं पीठमीठ तुझ्याच पैशाचं धर. तू तुझंच खाशील."

आत्या बैलाकडं बघत राहिली. मला वाटलं, चिडली. मग ती दादाकडं वळली. "बघ! चौथी शिकल्याली पोर. तू बारावी करून कवा असं बोलला न्हाईस." आणि मला म्हणाली, "पर वजा करायचं हां. गुरुजींकडं शंभर, तर तुझ्याकडंबी शंभर. वजा केलं तरच माझं."

"आई, पाण्याचं किती?" दादानं विचारलं.

"तू गप. तुझं पुण्य संपलंय काल शिऱ्यात."

त्या संध्याकाळी आत्या माझ्या घरी जेवली. मी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. ती ताटावर बसली, पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला. मी शेगडीकडं तोंड केलं. लेक म्हणाली, "आई, रो क्यूँ रही हो?" आत्या म्हणाली, "धूर झालाय." गॅसला कुठला धूर?

पुढचे दोन दिवस फार सुखाचे गेले. आत्या गच्चीत उन्हात बसून मटार सोलायची, मांडीवर काठी, माकडांसाठी. पहिल्याच दिवशी एका माकडानं तिची तंबाखूची डबी पळवली. तिनं त्याला साताऱ्याच्या भाषेत इतकं ऐकवलं की शेजारच्या गच्चीवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. लेक तिला हिंदी शिकवायची आणि आत्या तिला शिव्या. वहिनीला मी बालाजी घाटापर्यंत फिरवून आणलं. परत येताना ती म्हणाली, "तुमची खोली लहान हाय म्हणून तुम्ही लाजता. आमची मोठी हाय, पर तिथं कुणी असं जेवत न्हाई." मी तिला पेरू घेऊन दिला.

प्रत्येक जेवणानंतर आत्या बोट मिटायची. "तीन झाली. तीनशे." "चार." मी मान हलवायची. मान हलवताना मात्र आतून बरं वाटत नव्हतं. वजा केलं तर मी आत्याला जेवू घातलंच नाही, तिनंच आपलं खाल्लं. शिवाय तिचं देणं मी अन्नानं फेडल्यासारखं होणार, तिनं तर मला रोख दिले होते, सगळे एकदम. आणि वजा केलं नाही तर पुण्य माझ्याकडं येणार. म्हणजे एकाच बाईची काशी मी दुसऱ्यांदा खाल्ली. कणीक मळताना मी हेच उलटसुलट करत होते. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "सीधा उनसे पूछ लो." तिला सगळं सोपं वाटतं. पण विचारलं असतं तर आत्या उठून पुन्हा पिठलं करायला बसली असती.

निघायच्या दिवशी गाडी दुपारची होती. सकाळी लवकर पुरणपोळ्या केल्या. आत्यानं दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी. हात धुतले, तोंडात सुपारी टाकली आणि बोटं उघडून दाखवली.

"सहा जेवणं. सहाशे. म्हंजे तुझ्याकडं राहिले आठ हजार चारशे. सावकाश दे."

मी डाळीचा डबा काढला. हात आत घातला, नोटांवरची डाळ झटकली आणि अठराच्या अठरा तिच्या मांडीवर ठेवल्या. दवाखान्यात तिनं ठेवला होता रुमाल, तसंच.

आत्यानं बघितलं. "हे किती?"

"नऊ हजार."

"आन् सहाशे?"

"ते वजा करायचे नाहीत."

दादा बॅगेची चेन लावत होता, तो तसाच थांबला.

"अगं पर मग ते परान्न झालं की!"

"आता खाल्लंस," मी म्हणाले. माझे कान तापले होते, पण म्हणाले. "तुला काशी मिळावी असंच मला वाटतं, आत्या. पण मी तुला जेवू घातलं असंही मला व्हायला पाहिजे होतं. दोन्ही कसं करायचं ते मला कळलं नाही."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, दिसलं नाही. मग आत्या म्हणाली, "लबाड. भावाचीच लेक." सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "तुझ्या नवऱ्याला पैसे दिले तवाच माझी काशी झाली होती. मी कुणाला बोलले न्हाई. ही दुसरी हाय. हितलं थोडं तुझ्याकडं सांडलं तर सांडू दे. बावन्न पायऱ्या उतरताना वझं कशाला?"

मी तिच्या पाया पडले. तिनं मला उठवलं नाही, कारण ती नोटा मोजत होती. अंगठा जिभेला लावून एकेक. एका नोटेचा कोपरा दुमडला होता तो नखानं सरळ केला. एक नोट उजेडात धरून बघितली. माझ्या मनात भीती होती की ती शेवटी एखादी नोट काढून लेकीच्या हातात देईल, तिला काही तरी घे म्हणून. तिनं दिली नाही. पहिल्यापासून पुन्हा मोजल्या, रुमालात गुंडाळल्या, गाठ मारली आणि पदराच्या आत खोचली.

"बरोबर हायत," ती म्हणाली. "सगळे फिटले."