हाकेला ओ

त्या साली उचगावात घराघरांत उंदीर मरून पडले आणि सगळं गाव शेतात खोपटी घालून राहायला गेलं. आम्हीही गेलो. तरी प्लेगनं गाठलंच. घरधन्यांना ताप भरला, जांघेत गाठ आली. थोरल्या दिरांनी ती बघितली आणि त्यानंतर ते बांधावरूनच बोलायला लागले. पोरंबाळं त्यांनाही होती, हे मला कळत होतं. राग आला तो आलाच.

बेळगावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी पत्र्याच्या शेडी उभारल्या होत्या. तिथून चार डोलीवाले आले. घरचं कुणी शिवत नव्हतं अशा माणसाला त्यांनी काखेत हात घालून सरळ उचललं आणि बांबूच्या झोळीत निजवलं. तिकडं नेलेला माणूस परत येत नाही, अशी गावभर खात्री होती. डोली खांद्यावर गेली तशी सासूबाईंनी हंबरडा फोडला, माझं कुंकू पुसलं आणि हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या. मी ओढून घेतला नाही. काही वाटतच नव्हतं. काचा पायात रुतू नयेत म्हणून जरा बाजूला सरकले, एवढं आठवतं.

पुढचा डोलीवाला म्हातारा होता. तो मागं वळून सासूबाईंवर खेकसला, "मानूस जित्ता हाय अजून! काय चालवलंयस ह्ये?"

"तिकडनं कोन परत आलंय रं?" सासूबाई म्हणाल्या.

म्हातारा पुढं वळून चालायला लागला. मी त्यांच्या मागून चालत निघाले.

खांदा बदलायला ते थांबत, तेव्हा म्हातारा झोळीकडं वाकून विचारायचा, "आप्पा, हाय न्हवं?" आतून "व्हय" आलं की मगच डोली उचलायची. दर वेळी हेच. मार्कंडेय नदीच्या पाण्यात त्यांनी डोली डोक्यावर घेतली. पलीकडं टेकवून हाक मारली, तर आतून काहीच नाही. पुन्हा मारली. मग म्हातारा झोळीत तोंड घालून ओरडला, "आप्पा! बोला की! बायकू मागनं चालत आलीया तुमची!"

बऱ्याच वेळानं "व्हय" आलं. मला आनंद झाला असावा. पण आत कुठं काही हललं नाही. मी ओल्या लुगड्यानिशी दगडावर बसले होते, त्यांनी डोली उचलली तशी उठले.

शेडीत मला घेतलं नाही. एकटीच परत आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. सासूबाई जेव म्हणाल्या की जेवायचे.

पुढं गाठ फुटली, ताप उतरला आणि घरधनी काठी टेकत, हाडांचा सापळा होऊन, खोपटापाशी येऊन उभे राहिले. सासूबाईंनी कासाराला बोलावून माझे हात भरले. त्या एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. दीरही बांधावरून खाली आले.

जेवायला वाढताना मी विचारलं, "डोलीत लई दुकत हुतं काय वो?"

"दुकल्यालं कळत न्हवतं," ते ताटाकडं बघत म्हणाले. "तुमचं रडणं ऐकलं, बांगड्या फुटल्याल्या ऐकल्या. म्हटलं, संपलं, आपण गेलो. पर त्यो म्हातारा हाक मारायचा. हाक मारल्यावर ओ द्यावी लागतीया. त्यानं मारली नसती, तर तुमचंच खरं धरून गप पडलो असतो."