मांडीखालचे हात

सुनंदामावशी गेल्याचा फोन मला कुणाचा आला नाही. तो मीच सगळ्यांना केला, भरदुपारी, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून... आणि त्याच्या थोडं आधी डॉक्टरांना "नको, व्हेंटिलेटर लावू नका" हेही मीच सांगितलं होतं. आई आधीच गेलेली, मावशीनं लग्न केलेलं नाही, त्यामुळं विचारायला दुसरं कुणी नव्हतंच. डॉक्टर तरुण होते, स्वभावानं भले वाटले. "लावलं तर काही जण त्यातून निघतात, काही नाही निघत. तुम्ही ठरवा," म्हणाले. मी फार वेळ घेतला नाही. त्याला आता दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, "सुटल्या बिचाऱ्या" म्हणतात आणि मी मान डोलावते. मावशी बिचारी कधीच नव्हती. मी तिच्यावर दया केली की जुना हिशेब चुकता केला, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे.

मावशी विमानात नोकरीला होती. हवाई सुंदरी म्हटलेलं तिला खपत नसे. "सुंदरी असते तर सिनेमात गेले असते. मी कामगार हाय," असं ती समोरच्याला तोंडावर सुनवायची. हर्सूलच्या आमच्या गल्लीत घरोघरी बाबासाहेबांची तसबीर आणि घरोघरी एखादा शिक्षक नाहीतर गवंडी. तिथून ती मुंबईला गेली आणि तीसेक वर्षं उडत राहिली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती केबिन कर्मचाऱ्यांच्या युनियनची सरचिटणीस होती, आणि तिजोरीही तिच्याच ताब्यात होती. सुट्टीला आली की माझ्यासाठी विमानातल्या साखरेच्या पुड्या आणायची. देतानाच वर म्हणायची, "जास्त खाऊ नको, फुगशील."

तिची बसायची एक तऱ्हा होती. कुठंही गेली तरी दाराजवळची खुर्ची धरायची, पाठ टेकवायची, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबायची आणि ताठ बसायची. विमान सुटताना नि उतरताना तिथले कर्मचारी दाराजवळच्या घडीच्या खुर्चीत असेच बसतात. ते अर्धं मिनिट गप्प राहून मनातल्या मनात उजळणी करायची असते. विमान आपटलंच तर कुठलं दार उघडायचं, कोण मदतीला येईल, कोण आड येईल. मावशी ही उजळणी लग्नात करायची, विहारात करायची. एकदा गंगापूरला जाताना एसटीत माझ्या कानात म्हणाली, "तो फेटेवाला समद्यात आधी पळंल. ती पिशवीवाली पिशवी सोडणार नाय, तिच्यापायी चौघं मरतील."

"आणि मी?" मी विचारलं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

"तू मदतनीस. तुला आधी खाली उतरवीन अन् बाकीच्यांना ओढायला लावीन."

मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा! मदतनिसाला वाचवायला कुणी मागं फिरत नसतं, हे त्या वयात कुठून कळणार? गंगापूर येईपर्यंत मी एसटीतल्या एकेका माणसाकडं बघत, कुणाला कसं ओढायचं ते ठरवत बसले होते.

युनियनही ती याच पद्धतीनं चालवायची. पाहुण्यांना हार नाही, वर्धापनदिनाला हॉटेल नाही. पोहे आणि चहा, तेही पोहे आधी येणाऱ्यांनाच पुरायचे. मुली कुरकुरायच्या की एवढी वर्गणी जाते कुठं. ती भर सभेत सांगायची, "तुमच्या समद्यांच्या वर्गणीत एक बरा वकील येतो. अर्धा अर्धा करून दोन येत नसतेत." म्हणून खटला एका वेळी एकच, आणि तोही जिंकण्यासारखा असला तरच. बाकीच्यांच्या चौकशीत ती शेजारी जाऊन बसायची, अर्ज लिहून द्यायची, कुठं रडायचं नि कुठं नाही तेसुद्धा शिकवायची, पण तिजोरीला हात लावू द्यायची नाही. किती जणींनी तिच्या नावानं बोटं मोडली असतील! तरी निवडणूक आली की तिलाच निवडून द्यायच्या. दुसरी कुणी आली तर तिजोरीत काही उरणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी तिच्याच पावलावर पाऊल टाकून त्याच नोकरीत शिरले आणि त्याच युनियनची सभासद झाले. वर्गणी कधी चुकवली नाही. बाळंतपणानंतर कामावर गेले तर वजन जास्त भरलं. उड्डाण बंद, कमी करायला मुदत, पुन्हा काटा. मुलगा अंगावर पीत होता, मी उपाशी राहून चक्कर येऊन पडायची, आणि काटा काही हलायचा नाही. शेवटच्या खेपेला वजन घेणारा गृहस्थ हसून म्हणाला, "मॅडम, जरा जपून, काटा नवीन आहे." मी खाली उतरले आणि त्या काट्याला लाथ घातली. काटा मोडला आणि माझी नोकरी गेली. त्याच सुमाराला फरहीन नावाच्या मुलीचीही गेली. कारण तेच, तान्हं मूलही तसंच. फरक एवढाच, की ती काट्यावरून उतरून थँक्यू म्हणाली होती.

दोघींचे अर्ज युनियनच्या समितीपुढं आले. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मावशी मुंबईहून हर्सूलला आली, त्याच्यासाठी चांदीची वाटी घेऊन. बाहेर पाहुणे, फुगे, गलका. मी आत पुऱ्या तळत होते. ती स्वयंपाकघरात आली, दाराला टेकली.

"प्राचे, तुझी केस आपण घेत नाय."

माझ्या हातातला झारा थांबला. "का?"

"फरहीनची घेतोय. ती जिंकंल. तू काट्याला लाथ घातलीस, समोरचा वकील दुसरं काय बोलणारच नाय. अन् जज्जाला तू आवडणार नायस, पोरी. तोंडावरून लई माजोरी दिसतीस. ती गरीब दिसती."

"मी भाची आहे म्हणून. लोक नावं ठेवतील म्हणून टाकतेस मला."

"भाची नसतीस तरी घेतली नसती," ती म्हणाली. तिचं लक्ष कढईकडं होतं. "तुला मी लहानपणापासून मदतनिसात धरलंय. तू तुझं बघशील... ती पुरी काढ, करपंल."

मग ती बाहेर गेली आणि केक कापताना सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. डोळे पुसून मीही वाजवल्या.

तिचं गणित बरोबर निघालं. फरहीन जिंकली. बाळंतपणानंतर पुरेसा अवधी दिल्याशिवाय वजनाच्या कारणावरून कुणाला काढायचं नाही, असा नियम झाला. त्यानं पुढच्या कित्येक मुलींच्या नोकऱ्या वाचल्या. तो निकालाच्या दिवसापासून लागू झाला, आधीच्यांना नाही. मावशीनं मला पेढे पाठवले होते. पेढे! मी ते खोक्यासकट उकिरड्यावर टाकले. पुढं हर्सूलजवळच्या सिडकोत एका मोबाइलच्या दुकानावर क्लास होता, हवाई कर्मचारी व्हायचं प्रशिक्षण देणारा, तिथं शिकवायला लागले. कन्नड, गंगापूर तालुक्यांतल्या मुली येतात. त्यांना मी चालायला, हसायला आणि हात खाली घेऊन बसायला शिकवते. नवऱ्याची बदली झाली तरी मी हर्सूल सोडलं नाही.

निवृत्त झाल्यावर मावशी आमच्याच वरच्या खोलीत राहायला आली. युनियननं निरोपाला शाल दिली, तर हिनं तिथंच किंमत विचारून खजिनदाराला झापलं. खोलीत दाराजवळ खुर्ची टाकली आणि तिथून फोनवर मुंबईच्या मुलींना दटावत राहिली. माझ्या क्लासवर तिचा विशेष राग. "ह्यातली एक तरी उडणार हाय का? फुकाची फी घेतीस." मी दोन वेळचं ताट वर नेऊन द्यायची. माझ्या केसचा विषय आमच्यात निघत नसे. फुप्फुसं गेल्यावर, एकदा खोकल्याची उबळ थांबली तेव्हा मीच विचारलं, "तेव्हा चुकलं, असं कधी वाटलं नाही तुला?"

"नाय," ती म्हणाली. मग श्वास जुळल्यावर... "वाईट वाटलं. चुकलं नाय."

शेवटच्या दिवशी तिला उशा लावून बसती ठेवलं होतं, तोंडावर मास्क. मी आत गेले आणि दारातच थांबले. तिनं खोलीभर नजर फिरवली, दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही तळहात हळूहळू मांड्यांखाली सरकवले. पाठ ताठ केली. सिस्टर ओरडली, "आजी, हात बाहेर घ्या, सुई निघंल!" आणि तिनं हात ओढून काढले. मावशीनं ते पुन्हा खाली घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं, मला कळलं. विमान उतरतंय हे हिनं ओळखलंय, हिची तयारी झाली. मी बाहेर आले तर डॉक्टर उभेच होते. त्यांनी विचारलं. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोळ्यांपुढं ती पुरी होती, हे खोटं कशाला सांगू? ही केस जिंकण्यासारखी नाही, असं मी मनात म्हटलं, तिच्याच शब्दांत. आणि नको म्हणाले.

विहारात शोकसभा झाली तेव्हा फरहीन मुंबईहून आली होती. आता मोठ्या हुद्द्यावर आहे. "मॅडम माझ्या आई होत्या," म्हणाली आणि अगदी बरोबर जागी रडली. मावशीनंच शिकवलेलं असणार. नंतर माझे हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही त्यांची भाची ना? तुम्हाला नाही कधी या लाइनमध्ये यावंसं वाटलं?" मावशीनं तिला माझ्याबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही, मला उंचीची भीती वाटते."

मागच्या आठवड्यात क्लासची नवी बॅच सुरू झाली. मी मुलींना ओळीनं खुर्च्यांवर बसवलं. पाठ टेकवा, हनुवटी खाली, तळहात मांड्यांखाली. देवगाव रंगारीची एक मुलगी आहे, सारखी प्रश्न विचारते. "मॅडम, हात खाली कामून घ्यायचे?"

मी इतकी वर्षं देते तेच उत्तर दिलं, विचारही न करता. "आपटताना हात मोडू नयेत म्हणून. नंतर दार उघडायला लागतात ना."

आणि माझी नजर ओळीनं मांड्यांखाली दाबलेल्या त्यांच्या हातांवर गेली.

मरायला निघालेलं माणूस हात जपत नाही. मी हे दर बॅचला शिकवते आणि तिथं दारात उभी असताना मला ते आठवलं नाही... की मी आठवू दिलं नाही? सिस्टरनं बाहेर काढलेले हात ती पुन्हा खाली घेत होती, आणि तेव्हाच मी बाहेर येऊन नको म्हणत होते. त्याआधी तिनं उजळणी केली होती. माझ्याकडं बघितलं होतं आणि मगच हात खाली घेतले होते. तिनं मला मदतीला येणाऱ्यांत धरलं असेल की आड येणाऱ्यांत, हे मला कुणी सांगायला नको.

मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढं?" मी म्हटलं, आज एवढंच.

तिची वरची खोली अजून आवरलेली नाही. खुर्ची आहे तिथंच आहे, भिंतीला टेकून. काल पहिल्यांदा मी तीत बसले. हात मांडीवरच ठेवले, खाली घेतले नाहीत. तिथून दार दिसतं, आणि दारात जो उभा असेल तो.